चपला घालून आत या

लग्नाच्या मांडवात मला बसवत नाही. अक्षता पडायला अजून अवकाश असतो, पाहुणे खुर्च्या ओढून गप्पांना लागलेले असतात आणि मी मांडवाच्या मागच्या अंगाला रोषणाईच्या माळा कुठून जोडल्यात ते बघत हिंडत असतो. वायरचा जोड उघडा आहे का, ती लोखंडी खांबाला घासते आहे का, मंडपवाल्यानं प्लग न लावता नुसती टोकं भोकात खुपसून वर काडेपेटीच्या काड्या ठोकल्यात का. काड्या ठोकलेल्या असतातच. मग माझं मंडपवाल्याशी भांडण होतं. बायको लांबून खुणावते, "बसा की हो जरा, आपल्या घरचं कार्य आहे का हे?" तिला आता पन्नास वर्षं होत आली खुणावून. कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी बोर्डाकडं जाते, मग माणसांकडं.

ही खोड माझी नव्हे. ती मला सोलापुरात लागली, एका मास्तरांमुळं. त्यांनी मला दोनदा नापास केलं. पहिल्या वेळचा मी सूड उगवला. दुसऱ्या वेळचं सांगण्यासाठी आज लिहायला बसलोय. बसलोय म्हणजे चार ओळी झाल्या की उठतोय आणि परत बसतोय.

गोष्ट सत्तर सालानंतरची. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी अक्कलकोटाकडचा, घरात कानडी आणि उंबऱ्याबाहेर मराठी बोलणारा. सोलापुरातल्या एका तांत्रिक विद्यालयात, नाव सांगत नाही, सिव्हिलचा डिप्लोमा करत होतो. विटा, सिमेंट, कालव्याचा उतार, हे आम्हाला कळत होतं, निदान दिसत तरी होतं. पण शेवटच्या वर्षी सिव्हिलवाल्यांना आणि मेकॅनिकलवाल्यांना विजेच्या मूलतत्त्वांचा एक पेपर असायचा. लेखी वेगळं, प्रॅक्टिकल वेगळं, आणि दोन्हींत पास व्हावं लागायचं. आम्हाला तो पेपर म्हणजे उगाच गळ्यात पडलेली ब्याद वाटायची. इलेक्ट्रिकल खात्याची इमारत मैदानाच्या पार पलीकडं होती. उन्हातान्हात तिथवर जायचं आणि पंख्याखालची जागा पकडून डुलक्या घ्यायच्या, असा आमचा बेत असे.

सरांनी पहिल्याच दिवशी तो मोडला.

पन्नाशीला आलेले, उंच, काटकुळे. पांढरा हाफ शर्ट. इतर मास्तरांच्या खिशाला पेन असायचं, यांच्या खिशाला टेस्टर. पेन लागलं की वर्गात कुणाचं तरी मागून घेत आणि परत द्यायला विसरत. पायात बारा महिने रबरी स्लिपर, अगदी प्राचार्यांच्या खोलीत जातानासुद्धा. डावा हात कायम पँटच्या खिशात. आणि खुर्चीवर बसलेले मी त्यांना विद्यालयात कधी पाहिलं नाही. टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालायच्या, आणि आमच्या माना त्यांच्याबरोबर फिरत राहायच्या.

"या की पाव्हणं," ते म्हणाले. "बसा."

आम्ही हसलो. पण ते वर्षभर आम्हाला पाव्हणंच म्हणत राहिले. कुणाचं नाव म्हणून घेतलं नाही. "हे खातं इलेक्ट्रिकलचं," ते म्हणाले. "तुम्ही इथले नव्हे. म्हणजे पाव्हणंच की. घरातल्या माणसाला कुठं पायरी आहे, कुठं खांब आहे, ठाऊक असतं. अंधारात तोंडावर पडतो तो पाव्हणा."

इलेक्ट्रिकलच्या वर्गाला शिकवायचं त्यांना दरवर्षी सांगण्यात येई, आणि ते दरवर्षी नको म्हणत. हे आम्हाला त्या खात्यातल्या पोरांकडून कळलं. एकानं वर्गात कारण विचारलं, तेव्हा सर खिडकीपाशी थांबले. "इलेक्ट्रिकलवाला विजेला भितो. तीन वर्षं त्याला तेवढंच शिकवतात. न भिणारे कोण? गवंडी, लूमवाला, पंपवाला. आणि मिक्सरपाशी उभं राहून, अरे लाव की हात, म्हणून ओरडणारा सिव्हिलचा ओव्हरसियर." शेवटच्या नमुन्यावर मेकॅनिकलवाले आमच्याकडं बघून फिदीफिदी हसले.

हजेरी झाली की रोजचा प्रश्न ठरलेला असायचा, "काल कुणाला शॉक बसला?" कुणी हात वर केला की सर टेबलातून एक जाड वही काढत आणि उलटतपासणी सुरू होई. कुठला हात? पाय ओले होते की कोरडे? पायात काय होतं? आधी बघितलं होतं का? सगळं उतरवून घेत. मेकॅनिकलचा एक भामटा रोज हात वर करायचा, तेवढाच तास पुढं ढकलला जाई. कधी त्याला रेडिओचा शॉक बसे, कधी इस्त्रीचा. महिनाभर सरांनी निमूट लिहून घेतलं. मग एक दिवस वही मिटून म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही आतापर्यंत चौदा वेळा मेला असता. उद्यापासून तुमची हजेरी लावत नाही." आणि खरंच आठवडाभर लावली नाही.

इतर मास्तर विजेचा दाब समजवायला पाण्याच्या टाकीचं उदाहरण देत. टाकी उंच तितका दाब जास्त. आम्हा सिव्हिलवाल्यांना ते उदाहरण गोड लागायचं. सरांना त्याचा राग होता. "पाणी दिसतं. पाण्याचा आवाज येतो. वीज दिसत नाही आणि बोलत नाही. तिला पाण्यासारखी म्हटलं की तुम्ही निर्धास्त होता." मग टाकीच्या ऐवजी काय, तर काहीच नाही. नुसतं समीकरण आणि धाक.

सिद्धान्त त्यांनी शिकवला तो असातसाच. ट्रान्सफॉर्मर अर्ध्यात सोडला. पण तीन गोष्टी मात्र त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतल्या की मेसमध्ये भाकरीवर शेंगाचटणी वाढून घेतानाही पोरं एकमेकांना चिडवायला डावा हात खिशात घालू लागली. पहिली गोष्ट तीच, डावा हात खिशात. "दोन हात लावले की वीज एका हातानं शिरते आणि दुसऱ्यानं निघते. मधल्या वाटेत काय आहे?" असं म्हणून ते स्वतःच्या छातीवर बुक्की मारत. दुसरी, पायाखाली रबर. म्हणजे खाली जायची वाटही बंद. आणि तिसरी गोष्ट टेस्टरची. जिथं वीज आहे हे ठाऊक आहे तिथं आधी टेस्टर लावायचा. पेटला, म्हणजे टेस्टर जिवंत. मग जिथं काम करायचंय तिथं लावायचा. नाही पेटला. तरी हात लावायचा नाही. परत पहिल्या जागी जाऊन बघायचं. तिथं पेटला, तर लावा हात.

"सर, आत्ताच तर बघितला होता," मी एकदा म्हणालो.

"मधल्या वेळात गेला असेल की," सर म्हणाले. "चांगली धडधाकट माणसं जातात मधल्या वेळात. टेस्टरला जायला किती वेळ लागतो?"

हे सगळं ते नुसतं शिकवत नव्हते, जगत होते. त्यातच त्यांची अर्धी अब्रू गेली होती. सायकलसुद्धा एका हातानं चालवत, डावा खिशात. सात रस्त्यावर टांगे, ट्रक आणि म्हशी यांच्यामधून ते असे वळणं घेत निघाले की पानपट्टीवरची माणसं श्वास रोखून बघत. एकदा तिथंच पडले. मी समोर होतो. धूळ झटकायला उठले, तरी डावा हात खिशातच.

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत एका विधवा बाईंच्या घरात ते भाड्यानं राहत. बाई शिवभक्त, सोवळ्याच्या कडक. वह्या द्यायला आम्ही तिथं जायचो, आणि सगळेच त्यांना आक्का म्हणायचो. सर त्यांच्या घरात चपला घालून फिरत हे त्यांचं जन्माचं दुखणं होतं. बोर्ड देवघराच्या भिंतीला, खाली शहाबादी फरशी, आणि आक्का ती दिवसातून दोनदा ओल्या फडक्यानं पुसायच्या. "शिव शिव, देवापाशी चप्पल!" त्या मला सांगत, जणू माझं ते ऐकणार होते. सर देवघराच्या दारात उभे राहून लांबूनच एका हातानं नमस्कार करत. "देवाला माझ्या चपलांचं काही नाही, आक्का. मला तुमच्या बोर्डाचं आहे." त्यांच्या पायजम्याला डावा खिसा मुद्दाम शिंप्याकडून लावून घेतलेला असे, हेही आक्कांनीच सांगितलं.

एकदा त्यांनी आम्हाला मोटर दाखवायला म्हणून नेलं ते थेट विणकरांच्या वस्तीतल्या एका पॉवरलूमच्या शेडमध्ये. मोटरबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. खडखडाटात आम्हाला भिंतीला टेकवून उभं केलं आणि एका म्हाताऱ्या तेलुगू कारागिराकडं बघा म्हणाले. जेवणाची सुट्टी संपत होती. म्हातारा आला, आणि मागाला हात लावण्याआधी त्यानं उजव्या हाताची मागची बाजू लोखंडाला हलकेच टेकवली, काढली, मग कामाला लागला. सरांनी त्याच्या कानाशी ओरडून विचारलं, असं का?

"मिशीनला आदी विचारायचं, सार," तो म्हणाला. "तळहातानं विचारलं तर ती हात धरून ठेवते. मागनं विचारलं तर सोडते."

सर इतके खूश झाले की परतताना त्यांनी आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजला. मला मात्र ट्रान्सफॉर्मरची काळजी लागली होती. परीक्षा महिन्यावर आली होती.

इथं माझ्या घरचं सांगायला हवं. दुष्काळात आमच्या अप्पांचं किराणा दुकान बसलं, आणि ते दुसऱ्याच्या दुकानात तागडी धरू लागले. मामांच्या ओळखीनं मला नातेपुत्याकडच्या एका कंत्राटदाराकडं ओव्हरसियरची जागा मिळाली होती. अट एकच, पास झाल्याचा कागद घेऊन या. ते पत्र मी परीक्षेच्या दिवशीसुद्धा खिशात बाळगून होतो.

प्रॅक्टिकलला सरांनी मला बोर्डासमोर उभं केलं. पायात स्लिपर होत्या. डावा हात खिशात घातला, पत्राला बोटं लागली. टेस्टर चालू जागी लावला, पेटला. बंद केलेल्या जागी लावला, नाही पेटला. बाहेर अजून वीस पोरं ताटकळत होती, बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघत होते. मी हात लावला.

"एन माडिदी?" सर ओरडले. काय केलंस? वर्षभर त्यांच्या तोंडून कानडी ऐकलं नव्हतं. अप्पा ओरडावेत तसं अंगावर आलं. मग त्यांनी कागदावर तीन अक्षरं लिहिली.

लेखी पेपरात मी चांगला पास होतो. प्रॅक्टिकलला नापास. आमच्या वर्गातले निम्मे त्याच तिसऱ्या बघण्यावर गेले होते. म्हणजे वर्ष वाया, आणि माझी जागा दुसऱ्याला जाणार. संतापानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी वसतिगृहात सभा भरली, आणि तक्रारअर्ज लिहायचं माझ्याकडं आलं, कारण नकाशांवर अक्षरं काढून काढून माझं अक्षर मोत्यासारखं झालं होतं. अभ्यासक्रम अपुरा शिकवला. वेळ मागांच्या शेडमध्ये घालवला. शॉकच्या गोष्टी लिहीत बसतात. सगळं खरं होतं. शेवटी मी माझ्या मनानं एक वाक्य घातलं, "सदर अध्यापकांची मनःस्थिती शिकवण्यास योग्य वाटत नाही." ते कुणी मला सांगितलं नव्हतं. सही पहिली माझी होती.

प्राचार्यांनी सरांना आणि मला समोरासमोर उभं केलं. सरांनी अर्ज उभ्या उभ्या वाचला. "खरं आहे," ते म्हणाले. "ट्रान्सफॉर्मर अर्धाच झाला."

"आणि हे शेवटचं?" प्राचार्यांनी विचारलं.

सर माझ्याकडं बघून म्हणाले, "अक्षर फार सुरेख आहे."

प्राचार्य वैतागले. "अहो, नुसतं एकदा कमी बघितलं म्हणून मुलाचं वर्ष घालवता तुम्ही?"

"वर्षच जातंय की, साहेब," सर म्हणाले.

पंधरवड्यात दुसऱ्या मास्तरांनी आमची फेरपरीक्षा घेतली. मला ओहमचा नियम विचारला. मी सांगितला. पास झालो, सगळेच झालो. सरांकडून शिकवणं काढून घेतलं आणि त्यांना भांडारात बसवलं. बसवलं म्हणायचं एवढंच, तिथंही ते उभेच असत. दाखला घेऊन निघालो तेव्हा भांडाराच्या खिडकीत दिसले. खोक्यातला एकेक टेस्टर काढून भिंतीच्या प्लगमध्ये लावून बघत होते. मला मान खाली घालून सटकायचं होतं.

"पाव्हणं, पास झाला म्हणं."

"हो, सर."

"कुठं निघाला?"

"नातेपुत्याकडं. कामावर."

त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशातला टेस्टर काढला आणि गजांमधून माझ्यापुढं धरला. "हा घेऊन जा. चांगला आहे." मग म्हणाले, "आज चांगला आहे."

मला लाज वाटली, आणि लाजेपोटी मी तो घेतला.

नातेपुत्याच्या पुढं नदीकाठी आमचं एका मोठ्या विहिरीचं काम होतं. पाणी उपसून कालव्यात टाकायची योजना. दोन वर्षं मी तिथं रमलो. सरांचा टेस्टर खिशात असायचाच. साइटवर कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायचो, आमच्या सरांचा आहे.

त्या दिवशी सकाळी विहिरीच्या तळात काँक्रीट घालायचं होतं. मिक्सर फिरत होता, चाळीस माणसं घमेली घेऊन उभी, आणि उपशाचा पंप बंद पडला. तळात पाणी चढायला लागलं. आमचा वायरमन सुट्टी काढून वेळापूरला गेलेला. पंपावर सोपान नावाचा माणूस होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, कामाला वाघ. मी मेन स्विचचा दांडा खाली ओढला, पंपापाशी उतरलो, वायरच्या टोकाला टेस्टर लावला. पेटला नाही. आदल्या दिवशी तो टेस्टर माझ्या हातून चिखलात पडला होता. ते मला त्या क्षणी आठवलंही. पण सरांचा टेस्टर, त्याला काय होतंय, असं मनात आलं. उतरण्याआधी वर चालू जागी बघायचं राहूनच गेलं होतं, आणि आता परत वर चढून बघायचं म्हणजे चाळीस पायऱ्या. माणसं वरून ओरडत होती.

"बंद आहे," मी म्हणालो. "सोपान, घाल हात."

स्विचचा दांडा खाली आला होता, पण आतली एक पट्टी जळून चिकटली होती. ती वर राहिली, हे बाहेरून दिसत नाही. सोपान पाण्यात उताणा पडला म्हणून हात सुटला, नाहीतर सुटला नसता. टेस्टर कधीच मेलेला होता.

सोपानच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी दिवसभर फेऱ्या घालत होतो. डॉक्टरांनी सोपानला कसं झालं विचारलं, तेव्हा मी दारातच होतो. "सायब म्हनलं बंद हाय," तो म्हणाला, "म्हनून घातला हात." त्याच्या आवाजात राग नव्हता. घडलं ते सांगत होता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

कंत्राटदार म्हणाला, स्विच खराब होता, तुमची काय चूक? वायरमनही तेच म्हणाला. सोपानची बायकोसुद्धा मला म्हणाली, जिवावरचं बोटावर गेलं, सायब, तुमी मनाला लावून घिऊ नगा. सोपान महिन्याभरात पंपावर परत आला, आणि स्टार्टरपाशी जायची वेळ आली की माझ्याकडं न बघता दुसऱ्या कुणाला तरी पुढं करू लागला. ते मला सहन होईना. झोप उडाली. जेवताना उठायचो, नकाशा वाचताना उठायचो. कुणीतरी मला नापास करायला हवं होतं, आणि तसा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता.

एका रविवारी सकाळी सोलापूर गाठलं. आक्कांच्या दारात चपला काढल्या आणि आत गेलो. सर देवघराबाहेर येरझाऱ्या घालत होते. केस पांढरे झाले होते. मी टेस्टर त्यांच्या पुढं धरला. त्यांनी तो भिंतीच्या प्लगमध्ये लावला, एकदा, दोनदा, आणि माझ्याकडं बघितलं.

मी सगळं सांगितलं. पट्टी, चिखल, चाळीस पायऱ्या. ते रागावले नाहीत. वही काढली आणि विचारत गेले. कुठला हात? पायात काय होतं? पाणी किती होतं? मग पेन शोधायला लागले, ते अर्थातच नव्हतं. मी माझं दिलं.

"तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "अक्षर चांगलं आहे तुमचं."

मी लिहिलं. त्या अर्जानंतर त्यांच्यासमोर पहिल्यांदा काही लिहीत होतो. शेवटच्या रकान्याला मथळा होता, परत बघितलं का. तिथं नाही असं लिहिताना मला रडू फुटलं. सर तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले.

"सर, माझी परीक्षा घ्या," मी म्हणालो. "मी पास झालेलो नाही."

त्यांनी बोर्डाकडं बोट केलं आणि खिशातला नवा टेस्टर दिला. मी आतल्या खोलीचा फ्यूज काढला, कुणी चुकून परत घालू नये म्हणून स्वतःच्या खिशात टाकला. डावा हात खिशात. बाहेरच्या प्लगमध्ये बघितलं, पेटला. आतल्या तारेला बघितलं, नाही पेटला. परत बाहेर येऊन बघितलं, पेटला. मग हात लावला आणि सरांकडं वळलो. ते माझ्या पायांकडं बघत होते.

"चपला कुठायत?"

"बाहेर काढल्या, सर. घरात यायचं म्हणून."

"फरशी आक्कांनी आत्ता पुसलीय," सर म्हणाले. "नापास."

मी खाली बघितलं. पायांखाली ओल होती. चपला बाहेर काढायचा, आईबापांनी लावलेला रिवाज, आणि मी न विचारता पाळला होता. मला हसू आलं आणि मग ते आवरेना. सर हसले नाहीत.

"पुढच्या रविवारी या. त्या सोपानलाही आणा."

"त्याला कशाला, सर?"

"परीक्षा तो घेईल. मी पास करून काय उपयोग? एकदा दुसऱ्यांनी पास केलंच की तुम्हाला. हात त्याचा जातो, पाव्हणं."

सोपानला कसं विचारायचं यात चार दिवस गेले. विचारलं तर तो एसटीत बसायला तयार झाला, खिडकीची जागा मिळाली तर. वाटेत म्हणाला, "सायब, मास्तर मला शाळंत घालत्यात का काय?" सात रस्त्यावर मी दोन नव्या रबरी स्लिपरचे जोड घेतले. आक्कांच्या दारात सोपान अडून बसला. "देवाच्या घरात चपला घालून? न्हाय बा."

"चपला घालून आत या!" आतून सर ओरडले.

आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तीन माणसांचे सहा पाय बघितले आणि कपाळाला हात लावला. "शिव शिव. एक होता, आता तीन झाले."

सरांनी सोपानला त्या तीन गोष्टी सांगितल्या, वर त्या लूमवाल्या म्हाताऱ्याची चौथी. आम्हाला वर्षभर सांगितल्या, त्याला पाच मिनिटांत. तो मान डोलवत म्हणाला, "हिरीत उतरायच्या आदी दोराला हिसका दिऊन बघतोच की आमी. न्हाय बघितला तर मरतोय त्यो." सर माझ्याकडं वळून म्हणाले, "बघा. हे बाकीच्या पाव्हण्यांना कळायचं राहिलं."

मी बोर्डासमोर उभा राहिलो. फ्यूज खिशात. डावा हात खिशात. बाहेरच्या प्लगमध्ये टेस्टर पेटला. आतल्या तारेला लावला. पेटला नाही. तिथंच मी थांबलो.

"आनि परत?" सोपान म्हणाला.

मी परत बाहेरच्या प्लगपाशी गेलो. पेटला.

"काय म्हणता?" सरांनी त्याला विचारलं. "पास?"

सोपान माझ्याकडं बघत राहिला, पंपावर कधी बघत नव्हता तसा. मग त्यानं डावा हात बंडीच्या खिशात कोंबला, पुढं आला, आणि उजवा हात, त्या उरलेल्या तीन बोटांचा, वर उचलला. मला त्याचं मनगट धरावंसं वाटलं. सरांनी मान हलवून मला जागच्या जागी थांबवलं. सोपाननं हाताची मागची बाजू तारेला टेकवली. मग हात फिरवून बोटांनी तार धरली आणि थोडा वेळ धरूनच ठेवली.

"बंद हाय," तो म्हणाला.

"बसा आता, पाव्हणं," सर म्हणाले. त्यांनी स्वतः कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसले. मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होतो. मी खाली सतरंजीवर बसलो, शेजारी सोपान, तिघांच्याही पायात स्लिपर. आक्कांनी चहा आणून ठेवला आणि त्या आत रेडिओ लावायला गेल्या. तो लागेना, म्हणून आतून ओरडायला लागल्या. फ्यूज अजून माझ्या खिशात होता. आम्ही तिघं चहा पीत होतो आणि कुणीच उठलं नाही.